दहा मिनिटांचा पाठ आणि विद्यापीठाचं प्रॅक्टिकल : ‘स्पोकन ट्युटोरियल’चा प्रकरण अभ्यास

खुलं शैक्षणिक साहित्य वापरून ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायचा ठरला की बहुतेक ठिकाणी काम एकाच वाटेने जातं. सिलॅबस समोर ठेवतात, प्रत्येक घटकापुढे दोन-चार व्हिडिओंच्या लिंक टाकतात, एखादी पीडीएफ जोडतात आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी ठेवतात. कागदावर अभ्यासक्रम उभा राहतो. पण विद्यार्थ्याने पहिली लिंक उघडली, तासाभराचं व्याख्यान सुरू झालं आणि दहाव्या मिनिटाला तो अडला, तर पुढे काय? त्याचं उत्तर त्या कागदावर नसतं. साहित्य चांगलं आहे, फुकट आहे, तरी मुलं दोन आठवड्यांत गळतात, ही तक्रार बऱ्याच शिक्षकांकडून ऐकू येते आणि ती खरी आहे.

म्हणून इथे अशा एका प्रकल्पाचा अभ्यास मांडतो, जिथे ‘विद्यार्थी एकटा असताना अडला तर काय’ हा प्रश्न साहित्य बनवण्याआधीच विचारला गेला. पवईच्या आयआयटी मुंबईत सुरू झालेला हा प्रकल्प म्हणजे ‘स्पोकन ट्युटोरियल’. सी, जावा, पायथन, लिनक्स, लाटेक, सायलॅब, लिबरऑफिस असे जे विषय आपल्याकडे बीएस्सी, बीसीए आणि अभियांत्रिकीच्या सुरुवातीच्या वर्षांत शिकवले जातात, त्यांतल्या कितीतरी विषयांचे पाठ तिथे आहेत. अनेक पाठ मराठीतही आहेत. त्यांच्या लिखित संहिता कोणालाही वाचता येतात, त्यामुळे पाठ कसा बांधला आहे हे आतून पाहता येतं. खुल्या साहित्यातून अभ्यासक्रम रचणाऱ्याने दोन गोष्टी सगळ्यांत आधी पाहाव्यात असं माझं मत आहे. एक, हे साहित्य बदलायची परवानगी आहे का. दुसरी, ते बदलण्याजोगं बांधलेलं आहे का. पहिली गोष्ट आता बरेच जण पाहतात. दुसरी सहसा कोणी पाहत नाही, आणि या प्रकरणाचं खरं मोल त्या दुसऱ्या गोष्टीत आहे.

विद्यार्थी कोण धरला होता

२००९ साली केंद्राच्या तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्याआधीपासून एनपीटीईएल होतं. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या त्या उपक्रमात एकेका विषयाची साधारण चाळीस व्याख्यानं चित्रित होत. काम फार मोठं होतं आणि आजही त्यावर लाखो मुलं शिकतात. पण तासभर इंग्रजी व्याख्यान सलग ऐकू शकणारा, ऐकलेलं नंतर स्वतः करून पाहणारा आणि अडलं तर विचारायला कोणीतरी जवळ असलेला विद्यार्थी त्यात गृहीत होता.

स्पोकन ट्युटोरियलमागे कन्नन मौद्गल्य यांचा विचार होता. प्रकल्प सुरू झाला तेव्हा ते आयआयटी मुंबईत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्याच अभियानातून तिथे ‘फॉसी’ हा प्रकल्पही उभा राहिला. महागड्या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या जागी मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणायचं, उदाहरणार्थ गणिती आकडेमोडीसाठी मॅटलॅबऐवजी सायलॅब, हे त्याचं काम. सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी तालुक्याच्या गावात ते शिकवणार कोण, हा प्रश्न लगेच पुढे आला. तिथल्या शिक्षकानेही ते कधी पाहिलेलं नसतं.

त्यामुळे या पाठांचा विद्यार्थी असा धरला गेला : तो एकटा बसलेला आहे, आजूबाजूला विषय जाणणारं कोणी नाही, नेटचा भरवसा नाही, इंग्रजी बोलीचा सराव कमी आहे. त्याच्यापाशी एक संगणक मात्र आहे. पुढचा प्रत्येक निर्णय या वर्णनातून निघाला. पाठ नेटवरून उतरवून घेता येतात, हव्या त्या विषयांचे आणि भाषांचे पाठ निवडून सीडी बनवायची सोयही संकेतस्थळावर दिली गेली. सगळ्या लॅबला मिळून एकच नेटजोडणी असायची, ती दिवस ठरवून बंदही पडायची, अशा काळात ही सोय फार उपयोगी होती. काही महाविद्यालयांत ती आजही लागते.

आधी संहिता, मग आवाज

पाठ म्हणजे संगणकाच्या पडद्याचं ध्वनिमुद्रणासह केलेलं चित्रण, साधारण दहा मिनिटांचं. शिक्षकाचा चेहरा दिसत नाही. दहा मिनिटांत पडदा शंभरेक वेळा बदलू शकतो. तीच माहिती पुस्तकात द्यायची तर शंभर चित्रं छापावी लागतील आणि तेवढी चित्रं पाहत कोणी शिकणार नाही.

चित्रणाआधी संहिता लिहिली जाते, आणि माझ्या मते या प्रकल्पाचा सगळा जीव त्या संहितेत आहे. दोन रकाने असतात. डावीकडे पडद्यावर काय दिसणार, उंदीर (म्हणजे माउसचा बाण) कुठे जाणार, काय टाइप होणार. उजवीकडे त्या क्षणी बोलायचं वाक्य. वाक्यं छोटी, एका वाक्यात एक कृती. सुरुवातीला या पाठात काय शिकणार, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली आहे, आधी काय येत असायला हवं, हे सांगितलं जातं. शेवटी सारांश आणि एक असाइनमेंट.

संहिता तयार झाली की ती विषयाच्या जाणकाराकडे जाते, तशी नवशिक्याकडेही जाते. ज्याला ते सॉफ्टवेअर येत नाही अशा माणसाने केवळ संहिता वाचून सगळ्या पायऱ्या करून पाहायच्या. तो जिथे अडेल तिथे संहिता दुरुस्त करायची. हे होईपर्यंत ध्वनिमुद्रण करायचं नाही.

आपल्या विद्यापीठांत अभ्यासक्रमाचा मसुदा अभ्यास मंडळापुढे जातो, तिथे सगळे जाणकार बसलेले असतात. प्रथम वर्षाचं पोर त्या टेबलाशी कधी नसतं. साहित्य कोणासाठी आहे हे लिहून ठेवणं सोपं असतं. त्या माणसाला प्रत्यक्ष बसवून, त्याचा हात कुठे थांबतो हे पाहून मगच पुढे जाणं हे वेळखाऊ आणि थोडं अपमान सोसण्याचं काम आहे. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला आपलं वाक्य नवख्याला कळलं नाही हे मान्य करावं लागतं. या प्रकल्पाने ते कामाच्या पद्धतीतच बसवलं, म्हणून मला त्याबद्दल फार आदर आहे.

‘टॉक डॉट सी’चा पाठ

‘सी आणि सी प्लस प्लस’ या मालिकेतला पहिल्या प्रोग्रॅमचा पाठ जवळून पाहू. कंट्रोल, ऑल्ट आणि टी या कळा एकत्र दाबून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं. जीएडिट या एडिटरमध्ये ‘टॉक डॉट सी’ नावाची फाइल करायची. स्लॅश-स्लॅश देऊन कमेंट, मग हेडर फाइल, मग मेन फंक्शन, मग महिरपी कंस. प्रत्येक ओळ टाइप होताना ती काय करते ते एका वाक्यात सांगितलं जातं. प्रिंटएफमधून ‘टॉक टू अ टीचर’ हे शब्द छापायचे. हे स्पोकन ट्युटोरियल ज्या मोठ्या प्रकल्पाचा भाग आहे त्याचंच नाव. मग जीसीसी या कंपायलरने कंपाइल करायचं, म्हणजे लिहिलेलं संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणायचं, आणि प्रोग्रॅम चालवायचा.

इथवर कुठल्याही व्हिडिओत असतं. पुढचा भाग मात्र कमी ठिकाणी सापडतो. प्रोग्रॅम नीट चालल्यावर पाठात मुद्दाम बंद करणारा महिरपी कंस गाळतात, फाइल सेव्ह करून पुन्हा कंपाइल करतात. कंपायलर चूक दाखवतो. कितव्या ओळीवर दाखवतो, काय म्हणतो, ते वाचून दाखवतात, कंस पुन्हा घालतात आणि प्रोग्रॅम परत चालवतात. मालिकेतल्या पुढच्या पाठांतही ‘सहसा होणाऱ्या चुका’ असा तुकडा येत राहतो.

लॅबमध्ये ज्याने प्रथम वर्षाची बॅच घेतली आहे त्याला या तुकड्याची किंमत सांगायला नको. पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याचा निम्मा वेळ अर्धविराम आणि कंस शोधण्यात जातो. कंपायलरचा संदेश इंग्रजीत असतो, तो वाचायचा असतो हेच त्याला माहीत नसतं. पडद्यावर चार ओळी दिसल्या की तो हात वर करतो. चूक दाखवणारा संदेश म्हणजे मदत, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. हा पाठ पहिल्याच दिवशी ते दाखवतो. शिक्षक शेजारी नसताना विद्यार्थी अडणार हे आधी ओळखून, अडल्यावर काय करायचं तेही पाठात घातलं आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमाची रचना म्हणतात ती ही.

पाठ पाहण्याची पद्धतही ठरवून दिली आहे. पडद्याच्या एका अर्ध्या भागात पाठ, दुसऱ्या अर्ध्या भागात स्वतःचं सॉफ्टवेअर. एक पायरी पाहायची, थांबवायचं, आपल्याकडे करायची, मग पुढे. दहा मिनिटांचा पाठ असा थांबत-थांबत करायला नवख्याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. प्रश्न विचारायची सोयही याच हिशेबाने केली आहे : कोणत्या पाठात, कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलं ते निवडून मग प्रश्न लिहायचा. ‘सर, प्रोग्रॅम चालत नाही’ अशा प्रश्नाला दूर बसून उत्तर देता येत नाही. मिनिट आणि सेकंद कळलं की उत्तर देणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

आवाज मराठी, पडदा इंग्रजी

पाठांचं डबिंग बावीस भारतीय भाषांपर्यंत पोचलं. डबिंग फक्त आवाजाचं होतं, पडदा इंग्रजीच राहतो. नोकरीला लागल्यावर समोर येणारं सॉफ्टवेअर इंग्रजीतच असणार, तेव्हा मेनू आणि आज्ञा इंग्रजीत ओळखीच्या व्हाव्यात, समजावणं मात्र आपल्या भाषेत मिळावं, हा त्यामागचा हेतू. मला तो पटतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘सेव्ह’ किंवा ‘कंपाइल’ या शब्दांची अडचण कधीच नसते. हे आत्ता का करायचं, हे सांगणारं इंग्रजी वाक्य त्याच्या कानावरून निसटतं.

यातलं कष्टाचं काम वेळेचं आहे. मूळ इंग्रजी संहितेला सेकंदांच्या नोंदी असतात. मराठी वाक्य त्याच जागेत बसवावं लागतं, कारण पडद्यावरचं चित्र तेच राहतं. वाक्य लांबलं की उंदीर पुढे निघून जातो. त्यामुळे काही मराठी पाठांत निवेदन घाईचं वाटतं, काहींत वाक्यं पुस्तकी झाली आहेत. शिक्षकाने पाठ वर्गाला देण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही ऐकून पाहावेत आणि दोन्हींच्या लिंक द्याव्यात. बरीच मुलं पहिल्यांदा मराठी ऐकतात आणि परीक्षेच्या सुमारास इंग्रजीकडे वळतात, कारण पेपर इंग्रजीत असतो.

पण हे डबिंग शक्य झालं ते संहितेमुळे, हे विसरता कामा नये. फळ्यासमोर उभं राहून उत्स्फूर्त दिलेलं व्याख्यान कितीही रंगतदार असलं तरी त्याचं मराठी करायला आधी ते उतरवून काढावं लागतं, मग त्यातली अर्धवट वाक्यं सावरावी लागतात. इथे मजकूर आधीच वाक्यावाक्याने तोडलेला आहे. कोल्हापुरातला, कोइमतूरमधला किंवा गुवाहाटीतला माणूस आपल्या गावी बसून आपल्या भाषेचा आवाज घालू शकतो.

परवान्यातली अट

हे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय-एसए’ परवान्याखाली आहे. वापरा, उतरवून घ्या, बदला, शुल्क घेऊनही वापरा. पण मूळ करणाऱ्याचं श्रेय द्या आणि बदललेलं साहित्य त्याच परवान्याने खुलं ठेवा. शेवटची अट नीट समजून घ्यायला हवी. एखाद्या पाठात तुम्ही आपली उदाहरणं घालून नवा व्हिडिओ केलात, तर तो इतरांना देताना त्यावर ‘सर्व हक्क राखीव’ म्हणता येणार नाही.

घोटाळा होतो तो सरमिसळीत. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरचं साहित्यही खुलं आहे, पण त्याच्या परवान्यात ‘अव्यावसायिक वापर’ ही जादा अट आहे. दोन्ही एकत्र करून एकच नवा मजकूर बनवला तर दोन अटी एकमेकींना छेद देतात, त्यामुळे तसं करता येत नाही. दोन्ही शेजारी-शेजारी, आपापल्या परवान्याच्या नोंदीसह ठेवले तर चालतं. शिवाय शुल्क घेऊन चालवलेल्या ऑनलाइन पदवीत ‘अव्यावसायिक’ अटीचं साहित्य बसतं का, यावर वाद होत राहतात. सीसी बाय-एसए साहित्यात तो वाद येतच नाही. म्हणून अभ्यासक्रमाचा कणा बाय (म्हणजे फक्त श्रेयाची अट असलेल्या) किंवा बाय-एसए परवान्याच्या साहित्याचा असावा आणि बाकीचं पूरक वाचन म्हणून लिंकने द्यावं, असं मी सुचवेन. प्रत्येक तुकड्याखाली शीर्षक, करणारा, मूळ ठिकाण, परवाना आणि आपण काय बदललं, एवढ्या गोष्टी लिहायच्या. सुरुवातीपासून लिहिल्या तर एका ओळीचं काम आहे. सत्र संपल्यावर लिहायला बसलं तर काय कुठून आणलं हेच आठवत नाही.

दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल बसवताना

विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वयंम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचासाठी चार भागांची रचना घालून दिली आहे : व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. स्वयंमवरून मिळवलेले क्रेडिट पदवीत धरायची मुभाही आयोगाने दिली. २०१६ च्या नियमांत ती मर्यादा २० टक्के होती, २०२१ मध्ये ४० टक्के झाली. पण बहुतेक शिक्षकांपुढचं रोजचं काम निराळं असतं. आपल्याच विद्यापीठाचा सिलॅबस आहे, आपलीच बॅच आहे, त्यातला काही भाग ऑनलाइन न्यायचा आहे. तिथे स्पोकन ट्युटोरियल कसं बसतं ते पाहू.

प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला सत्रात तीस तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटना साठ. दोन तासांच्या एका प्रॅक्टिकलमध्ये एक पाठ, फार तर दोन. उरलेला वेळ विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी. सगळी मालिका ‘पाहून’ संपवायचा हिशेब कोणी केला तर तो दोन-चार दिवसांत संपतो आणि कोणाला काही येत नाही.

पहिली अडचण क्रमाची. या मालिकेत फंक्शन्सचा पाठ इफ-एल्सच्या आधी येतो. आपल्या बहुतेक सिलॅबसमध्ये आधी अटी, मग लूप, आणि फंक्शन्स नंतर. पाठ सुटे असल्यामुळे क्रम बदलता येतो, पण डोळे झाकून नव्हे. प्रत्येक पाठात आधी काय येत असावं हे सांगितलेलं असतं. ते पाहून कागदावर बाणांचा एक आराखडा काढावा : कोणता पाठ कोणावर टेकलेला आहे. मग आपल्या सिलॅबसच्या क्रमाशी तो ताडून पाहावा. जिथे बाण उलटा जातो तिथे अर्ध्या पानाची स्वतःची टीप लिहावी. मी हे काम अभ्यासक्रम-रचनेतलं सगळ्यांत उपयोगी काम मानतो, कारण ते करताना शिक्षकाला आपल्या सिलॅबसमधलेही कच्चे दुवे दिसतात.

दुसरी अडचण अशी की हे पाठ हात चालवायला शिकवतात. प्रश्न कसा फोडायचा हे शिकवणं त्यांचं काम नाही. पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या चलाच्या, पाठात पॉइंटर कसा लिहायचा ते छान कळतं. मेमरीत काय घडतं ते कळण्यासाठी चौकोन काढावे लागतात, पत्ते लिहावे लागतात, आणि ते विद्यार्थ्याने स्वतःच्या जर्नलमध्ये हाताने काढून तोंडी परीक्षेत समजावून सांगायला हवं. तो भाग शिक्षकानेच बांधायचा.

तिसरा भाग उदाहरणांचा, आणि इथे शिक्षकाला खरा वाव आहे. पहिल्या पाठाची असाइनमेंट म्हणजे आपलं आणि आपल्या शहराचं नाव छापणं. सुरुवातीला ठीक. पुढे मात्र विद्यार्थ्याच्या घरात ज्याचा हिशेब रोज होतो असा प्रश्न हवा. दूध डेअरीचं घ्या. सकाळी दूध घातलं की पावतीवर लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) छापून येतं. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला मूळ दर, त्याच्या वर-खाली पॉइंटमागे दर वाढतो-घटतो. हे एकच उदाहरण पूर्ण सत्र पुरतं. इफ-एल्सच्या आठवड्यात एका पावतीचा दर काढायचा. लूपच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळच्या पावत्या. ॲरेमध्ये दहा दिवसांचं बिल, त्यातून पशुखाद्याची कपात वजा. स्ट्रक्चरमध्ये एकेका उत्पादकाची नोंद, फाइल हाताळणीत सगळ्या गावाचं रजिस्टर. उत्तर बरोबर आलं की नाही ते तपासायला शिक्षकाची गरज नसते, घरातली पावती असतेच. ज्या मुलीच्या घरी दोन गायी आहेत ती या प्रश्नात वर्गातल्या कोणाहीपेक्षा पुढे असते, आणि प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये तिला हे पहिल्यांदाच अनुभवायला मिळतं. शहरी महाविद्यालयात वीजबिलाचे टप्पे किंवा लोकलच्या पासाचा हिशेब घेता येईल.

मूल्यमापनात स्पोकन ट्युटोरियलची स्वतःची ऑनलाइन परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे. पाठ खुलेच आहेत. नोंदणी, प्रशिक्षण आणि परीक्षा यांच्यासाठी मात्र पुढच्या काळात महाविद्यालयांकडून शुल्क घेण्याची पद्धत आली. सरकारी निधी कायम पुरत नसतो, तेव्हा त्यात गैर काही नाही. तरी माझ्या मते प्रमाणपत्र हे जादा समजावं आणि क्रेडिटचे गुण आपल्या लॅबमधल्या कामावर द्यावेत. त्यातही एक प्रश्न असा ठेवावा : चूक असलेला प्रोग्रॅम द्यायचा, कंपायलरचा संदेश वाचून चूक कुठे आणि का ते विद्यार्थ्याने लिहायचं. पाठांनी जे शिकवलं तेच तपासलं जातं आणि शेजाऱ्याकडून फाइल आणून हा प्रश्न सुटत नाही.

मोबाइलबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. २०२० मध्ये लॅब बंद झाल्या तेव्हा बहुतेक मुलांकडे फक्त फोन होता. शेजारी-शेजारी ठेवून करायची पद्धत पाच-सहा इंचांच्या पडद्यावर चालत नाही. पाठ पाहता येतो, पण करता येत नाही, आणि या पाठांचा जीव करण्यात आहे. अभ्यासक्रम ‘ऑनलाइन’ म्हणताना आठवड्यातून किमान एक बैठक संगणकासमोर मिळेल अशी व्यवस्था महाविद्यालयाने करायलाच हवी. संध्याकाळी लॅब उघडी ठेवणं हा त्यातला सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे.

जुनं होत जाणारं साहित्य

पहिल्या सी प्रोग्रॅमच्या पाठात वापरलेली ऑपरेटिंग सिस्टिम आहे उबुंटू ११.१० आणि जीसीसीची आवृत्ती ४.६.१. उबुंटूच्या नावातच साल असतं : २०११ चा ऑक्टोबर. सी भाषा तीच आहे, प्रोग्रॅमही आजच्या जीसीसीवर चालतो. पण उबुंटूने २२.१० पासून जीएडिट काढून दुसरा एडिटर दिला. नव्या उबुंटूवर बसलेला विद्यार्थी पाठात सांगितल्याप्रमाणे आज्ञा देतो आणि ‘अशी आज्ञा सापडली नाही’ असं उत्तर येतं. प्रोग्रॅमची एक ओळही लिहून झालेली नसते. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चूक दाखवणारा संदेश वाचायला शिकवणारा तुकडा पाठात पुढे आहे, तिथवर तो पोचतच नाही.

ज्यांना व्हिडिओ बदलता येत नाही ते अशा वेळी हळूहळू ते साहित्य वापरणं सोडून देतात. इथे तसं करायची गरज नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाठाच्या वर चार ओळींची टीप : नव्या उबुंटूवर कोणता एडिटर उघडायचा, जीएडिटच हवा असेल तर कसा बसवायचा, कंपायलरचे संदेश आता थोडे वेगळे का दिसतात. प्रत्येक पाठासाठी अशी टीप सत्र सुरू होण्याआधी लिहून ठेवावी आणि त्यासाठी लॅबमधल्याच संगणकावर, विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून, पाठ एकदा पूर्ण करून पाहावा. शिक्षकाच्या लॅपटॉपवर जे चालतं ते लॅबमध्ये चालेलच असं नसतं.

त्याहून पक्का उपाय परवान्यातच दिलेला आहे. संहिता खुली आहे, बदलायची मुभा आहे. तेव्हा जुना झालेला पाठ नव्याने बनवावा. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत व्यावसायिक कौशल्याचे विषय, फील्ड प्रोजेक्ट, ऑन-जॉब ट्रेनिंग असे क्रेडिट आले आहेत आणि त्यांत मुलांना काय द्यायचं हा प्रश्न प्रत्येक विभागाला पडतो. बहुतेक ठिकाणी ग्रंथालय व्यवस्थापन नाहीतर हॉस्पिटल व्यवस्थापनाचं तेच ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं सादर होतं. त्याऐवजी तृतीय वर्षाच्या एका गटाला एक जुना पाठ द्यावा. त्यांनी मूळ संहिता घ्यावी, नव्या आवृत्तीवर एकेक ओळ करून पाहावी, जिथे पडदा बदलला आहे तिथे दोन्ही रकाने दुरुस्त करावेत. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला ती देऊन तो कुठे अडतो ते लिहून घ्यावं, पुन्हा दुरुस्त करावी, मग इंग्रजी आणि मराठी दोन्ही आवाजांत ध्वनिमुद्रण करावं. ऑडॅसिटीसारखं मुक्त सॉफ्टवेअर त्याला पुरतं. गुण द्यायचे ते तीन गोष्टींना : दुरुस्त संहिता, नवशिक्याच्या तपासणीची नोंद आणि तयार पाठ. तयार झालेला पाठ त्याच परवान्याने, मूळ श्रेयासह, खुला ठेवावा आणि पुढच्या सत्राच्या प्रॅक्टिकलला तोच लावावा. यासाठी अभ्यास मंडळाकडून फक्त एक ठराव लागतो : ‘खुल्या शैक्षणिक पाठाचं नूतनीकरण’ हा प्रकल्पाचा मान्य प्रकार धरावा. दोन क्रेडिट पुरेत.